चटणी वाटली की सर्व्हर पडतो

हनुमंतनगरात वैशाखातल्या रविवारी कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, मिळवण्यासाठी लोक काय काय करतात ते मी पाहिलंय. कुणी आमदाराची चिठ्ठी आणतो, कुणी ट्रस्टींच्या नातवाची शिकवणी फुकट घेतो. एकानं तर मुलगी दहावीत असतानाच तारीख धरून ठेवली, आणि पुढं मुलीनं लग्नच करणार नाही म्हणून सांगितलं. मी यातलं काही केलं नाही. मी म्हटलं, आपण शिकलेली माणसं, आपण मंटपाला कॉम्प्युटर लावून देऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते हात दाखवून झाल्यावर कळतं.

माझी मुलगी चिन्मयी. तिनं स्वतःच्या ऑफिसातला शिवमोग्ग्याचा मुलगा पसंत केला होता आणि मुलगा खरोखरच चांगला होता, त्यामुळे मला नावं ठेवायलाही जागा नव्हती. त्याची आई गिरिजम्मा मात्र अजून पुरती राजी नव्हती. बोलणी करायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी कॉफीचा लोटा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "आम्हाला देणंघेणं काही नको. शनिवारी संध्याकाळी आमची माणसं उतरली की वरपूजा नीट व्हायला हवी. थोरल्याच्या वेळी आम्हाला मंटपाच्या पायरीवर तासभर उभं केलं होतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लग्न झालं. त्या व्याह्यांशी आम्ही अजून बोलत नाही."

परतीच्या बसमध्ये चिन्मयी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अप्पा, मला बाकी कशाची हौस नाही. तेवढी शनिवारची संध्याकाळ सांभाळा." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. छातीवर हात ठेवून शब्द देण्याची मला सवय आहे, आणि तो निभावण्याची जबाबदारी बहुतेक माझी बायको विशालाक्षी घेते.

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्ञानोदय कल्याण मंटप आहे. त्याचे चिटणीस शामण्णा आमच्या समोरच राहतात. मी तारीख मागायला गेलो, तर ते डोळे मिटून म्हणाले, "वैशाखातला रविवार? नागभूषण, तुम्ही देवाकडे मोक्ष मागा, लवकर मिळेल." मग डोळे उघडून म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? आमचं बुकिंग कॉम्प्युटरवर करून द्या. पहिली तारीख तुमची."

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी सॉफ्टवेअरवाला आहे हे खरं, पण मी मॅनेजर आहे. आमच्या ऑफिसात एक जण प्रोग्रॅम लिहितो, दुसरा तो खोक्यात भरतो, तिसरा ते खोकं सर्व्हरवर चढवतो, चौथा सर्व्हर बंद करून चालू करतो, आणि गिऱ्हाईकाची माफी मागायला मी जातो. चौदा वर्षं मी फक्त माफी मागत आलोय. पण शामण्णांपुढं हे कसं बोलणार. मी म्हटलं, "करू की. आणि साधंसुधं नाही, एंटरप्राइज जावात करू. बँका चालतात त्यावर."

एका मंटपाला, ज्यात एक दालन, एक जेवणघर आणि वधूच्या खोलीतला एक फुटका आरसा आहे, बँकेची यंत्रणा कशाला हवी, हे कुणी विचारलं नाही. बायकोनं विचारलं. मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." ते वाक्य मी आता बोलत नाही.

ऑफिसातून मोडीत निघालेला एक सर्व्हर मी रीतसर विकत घेतला आणि मंटपाच्या कोठीघरात बसवला. एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. आणि मग सुरू झालं डिप्लॉयमेंट. म्हणजे असं, की तारखेचा हिशोब करणारा एक कंपोनंट, पावती देणारा दुसरा, असे चार-पाच तुकडे एका खोक्यात भरायचे, सोबत कोण कुणाचं काय लागतं याची चिठ्ठी जोडायची, आणि खोकं सर्व्हरच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायचं. बाकी सर्व्हर करतो. लेकीला सासरी पाठवण्यासारखंच आहे. ट्रंक उघडल्याबरोबर सासू सांगते, हे आणलं नाही, ते आणलं नाही, आणि जे आणलंय ते आमच्याकडे चालत नाही.

माझी ट्रंक सतरा वेळा परत आली. गल्लीत ही बातमी पसरली. दुसऱ्या गावांत आजारी माणसाला शेजारी काढे सुचवतात, आमच्या गल्लीत प्रत्येक घरातला एक मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे काढेही त्याच जातीचे असतात. दूध घालायला आलेली बाई म्हणाली, "मेमरी कमी पडत असेल, माझा भाचा म्हणतो." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी संबंध जावाच टाकून द्यायला सांगितलं. शामण्णांचा मुलगा प्रमोद कॅलिफोर्नियात, तो रोज सकाळी फोनवर बापाला निदान सांगायचा आणि शामण्णा ते खिडकीतून माझ्याकडे ओरडायचे. "प्रमोद म्हणतो, तुमचा क्लासपाथ बिघडलाय." गल्लीतले लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू डॉक्टरनं सगळं सांगितलंय आणि मीच लपवतोय.

शेवटी एका शुभ सकाळी सर्व्हरनं खोकं घेतलं. शामण्णांनी नारळ फोडला. आचारी सुब्राय भट्टांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यात रविवारचं लग्न घातलं तर शनिवार कुठाय?"

"शनिवार कशाला?"

"अहो, मंटप आदल्या संध्याकाळपासून देतात ना. माणसं उतरतात, वरपूजा असते, रात्रीचं जेवण असतं. हा काय लॉज आहे, सकाळी आले आणि दुपारी गेले?"

माझं स्वतःचं लग्न याच मंटपात झालं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही इथंच उतरलो होतो. हे सगळं मला ठाऊक होतं, पण कॉम्प्युटरपुढं बसलं की माणसाला स्वतःचं लग्नसुद्धा आठवत नाही.

मी दुसरी आवृत्ती केली. ती आदली संध्याकाळही धरून ठेवायची. तिचं खोकं फोल्डरमध्ये ठेवलं, सर्व्हरनं निमूट घेतलं, आणि मी पहिली तारीख चिन्मयीची घातली. वैशाखातला रविवार, आदल्या शनिवारच्या संध्याकाळसकट. पावती निघाली. मी ती देवापुढं ठेवली.

राहिलं पहिलं खोकं. ते टाकून द्यायचं होतं. आता आमच्या घरात जिन्याखाली एक जागा आहे. तिथं गेलेली वस्तू परत वापरात येत नाही आणि बाहेरही जात नाही. वडिलांच्या सायकलचं चाक, पाय मोडलेला पाळणा, बंद पडलेला टीव्ही, आणि आईचा दगडी रगडा, जो हलवायला तीन माणसं लागतात. दर दसऱ्याला विशालाक्षी म्हणते हे काढा, आणि दर दसऱ्याला मी म्हणतो राहू दे, उपयोगी पडेल. टाकणं आमच्या रक्तातच नाही. त्यात हे माझं पहिलं खोकं, सतरा वेळा नाकारलं जाऊन अठराव्यांदा पावलेलं. मी त्याच्या नावापुढं 'जुनं' असं लावलं आणि तिथंच, त्याच फोल्डरमध्ये, एका कडेला राहू दिलं. कुणाला काय त्रास देतंय.

पुढचे तीन महिने मी गल्लीत मान वर करून चाललो. एकच खोट होती. भट्टांचा विजेवरचा रगडा आणि माझा सर्व्हर एकाच वायरवर होते. भट्टांनी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली की दिवे मंद व्हायचे आणि सर्व्हर मान टाकायचा. मग तो आपला आपण उठायचा. उठतोय ना, मग झालं, असं मी म्हणायचो. तरी जबाबदारी म्हणून मी वीज कार्यालयात वेगळी जोडणी मागायला गेलो.

"उपकरण कुठलं?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"ॲप्लिकेशन सर्व्हर."

"मोटर आहे?"

"नाही."

"दिवा आहे?"

"एक हिरवा आहे, छोटा."

"तापतो?"

"भयंकर तापतो."

"मग पाणी तापवायचा बंब लिहा." मी विरोध केला. चौदा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं उभारलेल्या यंत्रणेला बंब म्हणणं मला पटेना. साहेब म्हणाले, बंब नको असेल तर पिठाच्या गिरणीखाली घालू, पण गिरणीला शेजाऱ्यांची संमती लागते. मी बंब मान्य केला. तर आठवड्यानं उत्तर आलं की लग्नाच्या मंटपात एक बंब आधीच मंजूर आहे, दुसरा मिळणार नाही. मी प्रकरण सोडून दिलं आणि भट्टांना सांगितलं, चटणी जरा बेतानं वाटा. भट्ट म्हणाले, "चटणी बेतानं खायला सांगा, मी बेतानं वाटतो."

लग्नाला दहा दिवस उरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. शिवमोग्ग्याहून दोन बस ठरल्या होत्या. मी जेवणाचं बोलायला भट्टांकडे गेलो, तर त्यांनी विचारलं, "शनिवारी रात्री बिसिबेळे भात कुणाचा करू, तुमचा की शामण्णांचा?"

"शामण्णांचा कसला?"

"त्यांच्या प्रमोदचं लग्न नाही का शनिवारी सकाळी? संध्याकाळी रिसेप्शन. सहाशे पानं सांगितलीयत."

शामण्णांची पत्रिका आमच्याकडे आली होती, आमची त्यांच्याकडे गेली होती. दोघांनीही हळदकुंकू लावून ती घेतली, कपाळाला टेकवली आणि देवापुढं ठेवली. पत्रिका घ्यायची असते, वाचायची नसते, असंच आम्ही दोघं मानत आलो. मी धावत शामण्णांकडे गेलो. त्यांनी पावती काढली. मी माझी काढली. दोन्ही माझ्याच यंत्रणेच्या, दोन्ही खऱ्या.

"मी स्वतः घातलंय शनिवार," शामण्णा म्हणाले. "तुमच्याच मशीननं हो म्हटलं. आता माझ्या प्रमोदनं काय बस स्टँडवर रिसेप्शन करायचं?"

"आणि माझे व्याही पायरीवर उभे राहणार?"

"ते तुमच्या एंटरप्राइजला विचारा."

हे शामण्णा गच्चीवर ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, आणि गच्चीवर माणसं होतीच. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माफी मागण्याचं काम मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांसाठी करत होतो ते किती सोपं होतं. प्रमोदचा फोन आला. तो म्हणाला, "अंकल, कॅश मेमरी साफ करून बघा." मी त्याला सांगितलं, बाळ, तुझ्या लग्नाचं रिसेप्शन साफ करता येईल का ते बघ.

घरी चिन्मयीला सांगायची माझी हिंमत होईना. विशालाक्षीनं सांगितलं. मला वाटलं मुलगी रडेल. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला अप्पा, कोठीघरात."

ती सर्व्हरपुढं तांदळाच्या पोत्यावर बसली. शामण्णांची नोंद तात्पुरती बाजूला काढून शनिवार तपासला, सर्व्हर म्हणाला, संध्याकाळ मोकळी नाही. बरोबर. पुन्हा तपासला, पुन्हा बरोबर. इतक्यात भिंतीपलीकडे भट्टांनी रगडा सुरू केला. दिवे मंद झाले, सर्व्हर पडला, आणि थोड्या वेळानं उठला. चिन्मयीनं पुन्हा शनिवार तपासला. संध्याकाळ मोकळी.

मग तिनं फोल्डर उघडलं.

"अप्पा, हे काय आहे?"

"ते होय, ते जुनं. राहू दिलंय."

"इथं? अप्पा, या फोल्डरमध्ये जे ठेवाल ते सर्व्हर चालवतो. उठल्यावर तो आधी नवं घेतो, मग जुनं घेतो, आणि शेवटी आलेल्याचं ऐकतो. भट्ट चटणी वाटतात तेव्हा तुमचा मंटप लॉज होतो."

म्हणजे मी फोल्डरमध्ये हात घालून काही दुरुस्त करायचो तेव्हा नवं खोकं वर यायचं, आणि चटणी वाटली की जुनं. तीन महिने ज्ञानोदय कल्याण मंटपाचा कारभार खोबऱ्यावर चालला होता. शामण्णांनी तारीख घातली त्या दिवशी कुणाचं तरी बारसं होतं आणि न्याहारीला इडली होती.

"टाका ते," चिन्मयी म्हणाली.

"तू टाक."

"तुम्ही ठेवलंय, तुम्हीच टाका."

मी बटणावर बोट ठेवलं. खरं सांगतो, दोनदा मागं घेतलं. माझं चौदा वर्षांतलं पहिलं, स्वहस्ते केलेलं काम होतं ते. चिन्मयीनं माझ्याकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "अप्पा, मीपण दहा दिवसांनी जाणारच आहे. सवय करून घ्या." मी बटण दाबलं. मग तिनं भिंतीवर थाप मारली, "भट्टरे, परत वाटा." दिवे मंद झाले, सर्व्हर पडला, उठला, आणि म्हणाला, शनिवारची संध्याकाळ मोकळी नाही. भट्ट दारात येऊन उभे राहिले. "मग आता चटणी बेतानं नको ना?" त्यांनी विचारलं.

सर्व्हर सुधारला, पण शनिवार एकच राहिला. समितीची सभा झाली. तिच्यात दोन तास भांडण झालं, त्यातला एक तास उपम्यात मीठ नाही यावर. शेवटी असं ठरलं की शामण्णांचं रिसेप्शन वरच्या दालनात, आमची वरपूजा पुढच्या अंगणात मांडव घालून, आणि जेवणघर दोघांचं. शामण्णा आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता हो म्हणालो.

शनिवारी दारावर फुलांच्या दोन पाट्या लागल्या. सनईवाले दोन, त्यांचे राग दोन. शिवमोग्ग्याच्या बस आल्या तेव्हा मी आरतीचं तबक घेऊन दारात उभा होतो, आणि गिरिजम्मा खाली उतरून पहिली गोष्ट म्हणाल्या ती, "हा प्रमोद कोण?" मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात दालनाचे आणि मांडवाचे दिवे, दोन्ही ध्वनिक्षेपक आणि भट्टांचा रगडा यांचा भार एकदम आला आणि सगळा मंटप अंधारात गेला.

वायरमन म्हणाला, "दिवे किंवा रगडा. दोन्ही नाही मिळणार."

भट्टांनी हात वर केले. "शिवमोग्ग्याच्या मंडळींनी तांदळाचे वाफवलेले कडुबू सांगितलेत. चटणीशिवाय कडुबू मी वाढणार नाही. माझीही अब्रू आहे."

गिरिजम्मा पायरीवर उभ्या होत्या. पायरीवर. चिन्मयी वधूच्या खोलीच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मला आयुष्यात कधी बघायचा नव्हता तसा झाला होता. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी तबक विशालाक्षीच्या हातात दिलं आणि घराकडे पळालो. जिन्याखालून पाळणा ओढला, सायकलचं चाक फेकलं, आणि समोरच्या किराणावाल्याचे दोन हमाल धरून आईचा दगडी रगडा मालाच्या रिक्षात घातला. रिक्षा मंटपाच्या दारात थांबली तेव्हा रेशमी धोतर नेसलेला मी मागं रगड्याला मिठी मारून बसलो होतो. शामण्णांचे पाहुणे बघायला जमले.

रगडा अंगणात उतरवला. भट्टांनी खोबरं आणलं, पण आजकालच्या त्यांच्या माणसांना हातानं वाटणं ठाऊक नव्हतं. तेव्हा गिरिजम्मा पायरीवरून खाली आल्या. त्यांनी दगडावरून हात फिरवला, वाकून बघितला, पदर खोचला आणि रगड्यापुढं बसल्या.

"अहो, तुम्ही पाहुण्या," विशालाक्षी घाबरून म्हणाली.

"बसा हो. असा दगड आता बघायला मिळत नाही." त्यांच्या दोन जावाही बसल्या. मग शामण्णांच्या बाजूच्या म्हाताऱ्या खाली आल्या, कुणी मिरच्या पुढं केल्या, कुणी मीठ चाखलं, आणि कुणी कुणाच्या लग्नाचं याचा काही पत्ता राहिला नाही. प्रमोद कोट घालून आला आणि खोबरं पुढं सरकवत बसला. कॅलिफोर्नियात राहून बिचारा हेच विसरला होता, असं त्याची आई म्हणाली. कडुबू निघाले, चटणी आली, आणि दोन लग्नांच्या पंगती एकत्र बसल्या. शामण्णांनी माझ्या पानात स्वतः वाढलं. बोलले नाहीत, पण दोनदा वाढलं.

गिरिजम्मांनी बोट चाटलं आणि मला म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी असं कुणी केलं नाही." चिन्मयी मागं उभी होती. मी छातीवर हात ठेवला नाही, कारण माझे हात चटणीचे होते.

रविवारी सकाळी मुहूर्त वेळेवर लागला. दुपारी मुलगी निघाली तेव्हा मी ठरवलं होतं की रडायचं नाही. बसच्या दाराशी गिरिजम्मा थांबल्या. "व्याही, एक मागू का? आम्ही देणंघेणं नको म्हटलं होतं, पण..." त्यांनी अंगणाकडे बघितलं. "तो दगड."

मी विशालाक्षीकडे बघितलं. वीस दसरे ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो समोर उभा होता, पण ती पदरानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, न्या. चार माणसांनी रगडा बसच्या डिकीत चढवला, लेक पुढं चढली, आणि बस निघाली. लेक आणि रगडा एकाच बसनं गेले. मी गल्लीत उभा राहून दोघांसाठी एकदमच रडलो, त्यामुळे कुणाला किती ते कळलं नाही.

पुढच्या महिन्यात समितीची सभा भरली. विषय असा की आचारी आणि सर्व्हर एका छपराखाली राहू शकत नाहीत, दोघांतलं एक कुणीतरी गेलं पाहिजे. ठराव एकमतानं झाला, माझं मत धरून. भट्ट राहिले. समितीनं शाल घालून सर्व्हर मला परत केला.

मी तो घरी आणला तेव्हा विशालाक्षी दारात उभी होती. तिनं सर्व्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे. उपयोगी पडेल." ती स्वतःच जिन्याखाली गेली, पाळणा जरा सरकवला, आणि रगड्याच्या जागी तो अगदी नेमका बसला.